तांबडा खडू

पृथ्वीच्या पोटातल्या अग्नीसमोर माणूस एकदा उभा राहिला की त्याला स्वतःचं क्षुद्रपण कळतं, आणि त्यानंतर तो पूर्वीचा माणूस राहत नाही. हे वाक्य माझं नाही. हिलो गावातल्या आमच्या हॉटेलच्या लिफ्टमध्ये ते चौकट करून लावलेलं होतं आणि त्याच्याच खाली, त्याच टायपात, नाश्त्याची वेळ दिलेली होती. साडेसहा ते साडेनऊ. तीन दिवसांत ते वाक्य मी निदान वीस वेळा वाचलं. नाश्त्याला मात्र एकदाच उशीर झाला, आणि क्षुद्रपण कळायला तेवढं पुरेसं होतं.

आम्ही तिघं होतो. मी, माझी पंधरा वर्षांची मुलगी आणि माझी आई. बायकोच्या ऑफिसात सॉफ्टवेअर रिलीजचा आठवडा होता, त्यामुळे ती अमेरिकेतल्या आमच्या घरी, सांता क्लारातच राहिली. आई गावाहून सहा महिन्यांसाठी आली होती आणि परत जायला दहा दिवस उरले होते. वय अठ्ठ्याहत्तर. पुन्हा एवढा प्रवास करणार नाही, असं तिने आल्या दिवशीच जाहीर केलं होतं, आणि आई जाहीर करते ते बदलत नाही. सहा महिन्यांत आम्ही तिला जे जे दाखवायचं असतं ते दाखवलं. मोठा पूल दाखवला, मोठी झाडं दाखवली, मोठी दुकानं तर दर शनिवारी दाखवली. शाळा तपासायला आलेले साहेब जसं बघतात तसं तिने सगळं शांतपणे बघितलं. स्वतःहून मागितलं ते एकच. तिला ज्वालामुखी बघायचा होता.

त्याला कारण होतं. कऱ्हाडजवळच्या एका शाळेत आईने चौतीस वर्षं भूगोल शिकवला. दरवर्षी आठवीच्या वर्गात ती फळ्यावर ज्वालामुखीचा उभा छेद काढायची. डोंगर पांढऱ्या खडूने, थर तपकिरी खडूने, आणि आतली नळी, वरचं मुख, बाजूने उतरणारे ओघळ हे सगळं तांबड्या खडूने. रंगीत खडूंची पेटी शाळेला वर्षाला एकच मिळायची. त्यातला तांबडा खडू आई स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवायची, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे व्याकरणाचे सर त्याच्यावर टपून असायचे.

एका वर्षी एका मुलीने वहीत लाव्हा पिवळट केशरी रंगवला. मुलगी गावातल्या लोहाराची. आईने विचारलं, हे काय? ती म्हणाली, "बाई, एवढं तापल्यावर ते तांबडं नसतं. पिवळट दिसतं. तांबडं म्हणजे निवायला लागलं." आईने तिला सांगितलं की पुस्तकात तांबडा आहे, आणि ते चित्र तांबड्या रंगात पाच वेळा काढून आणायला लावलं. मुलीने दुसऱ्या दिवशी आणलं. पाच सुबक, तांबडे ज्वालामुखी.

ही गोष्ट मी पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदा ऐकली, सांता क्लारातल्या ओट्यापाशी मटार सोलताना. एखाद्याने जुनी चोरी कबूल करावी तशा आवाजात आईने ती सांगितली. ती मुलगी आता पन्नाशीची बाई आहे, गावातच असते, भावाबरोबर वडिलांचं दुकान चालवते आणि रस्त्यात दिसली की बाई म्हणून वाकून नमस्कार करते. आईला तो नमस्कार जड जातो.

मी अर्थातच फोन काढला आणि लाव्ह्याचा व्हिडिओ दाखवला. आई म्हणाली, कॅमेऱ्याचं काही सांगू नकोस, आपल्या पहिल्या टीव्हीवर दोन वर्षं सगळी माणसं हिरवी दिसत होती. मग माझ्या मुलीने आणखी दहा व्हिडिओ दाखवले. दहांमध्ये दहा रंग होते. आईने मटाराची एक शेंग सोलली, म्हणजे मुद्दा सिद्ध झाला. "मला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय," ती म्हणाली. "दोन्ही मोतीबिंदू काढलेत. आता डोळ्यांची सबब नाही."

म्हणून आम्ही समुद्रापलीकडच्या या ज्वालामुखीच्या बेटावर आलो. पण ज्वालामुखीला हे कळवलेलं नव्हतं. हा जो ज्वालामुखी आहे तो काही तास आगीचं कारंजं उडवतो आणि मग आठवडा-दोन आठवडे झोपतो. शास्त्रज्ञ पुढच्या कारंज्याचा अंदाज चार-पाच दिवसांच्या पट्ट्यात देतात. मी त्या पट्ट्याच्या बरोबर मधले तीन दिवस निवडले होते आणि त्याबद्दल माझा मला अभिमान होता. त्यातले दोन दिवस नुसता धूर बघण्यात गेले. उरला तिसरा. चौथ्या दिवशी सकाळी परतीचं विमान होतं.

या तिसऱ्या दिवसाला मी एक्सेलमध्ये 'रिलॅक्स्ड डे' असं नाव दिलं होतं. पाच-पाच मिनिटांचे रकाने होते. साडेसातला बाजार, सव्वादहाला विवराचा कठडा, अकरा चाळीसला लाव्ह्याची गुहा, दीडला काळ्या वाळूचा किनारा. 'रिलॅक्स'ला वेगळा रकाना होता, अडीच ते तीन. मुलीने विचारलं की आधीचं काही लवकर संपलं तर रिलॅक्स लवकर सुरू करता येईल का. मी म्हटलं, बघू.

बाजारात आईने नारळ मागितला. टेबलामागच्या आजीबाईंनी हसून एक शहाळं उचललं, कोयत्याच्या एका घावात त्याचं टोक उडवलं आणि स्ट्रॉ खोचून आईच्या हातात दिलं. आईने त्या शहाळ्याकडे अपघात झालेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. मग ते मुलीने प्यायलं. आईने दुसरा मागितला आणि बजावलं, "नो कट." न कापता पिणार कसं, असा प्रश्न आजीबाईंना पडला, आणि तो त्यांनी शेजारच्या पपईवाल्यालाही विचारला. दुभाषी म्हणून मुलीला पुढे केलं, पण न कापलेला नारळ कशाला हवा हे तिलाही माहीत नव्हतं. शेवटी आईलाच तो सापडला. टेबलावरचं कापड वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यावर एक सोललेला, तपकिरी, सुका नारळ ठेवलेला होता. त्याला थोडी शेंडीही होती. आईने तो कानाशी धरून हलवला, आत पाणी वाजलं, आणि तिने तो घेतला. आजीबाईंनी कापडावर दगड ठेवला.

मी विचारलं, कशाला. ती म्हणाली, लागेल.

गाडी समुद्रसपाटीवरून वर चढायला लागली आणि अर्ध्या तासात हवा बदलली. खाली दमट उकाडा होता, वर स्वेटर लागला. माणसाच्या दुप्पट उंचीची नेच्याची झाडं रस्त्यावर वाकली होती. मध्येच जंगल संपायचं आणि काळा दगड सुरू व्हायचा, मैलभर नुसता काळा दगड, कुणीतरी पिठलं ओतून तसंच थिजू द्यावं तसा. त्याच्या भेगेतून एखादं झाड उगवलेलं, त्याला ब्रशसारखी लाल फुलं. आईने गाडी थांबवायला लावली. खाली उतरून तिने त्या दगडावर हात फिरवला. तीन दिवसांत हे तिने सातव्यांदा केलं होतं. "बेसाल्ट," ती म्हणाली. "आपल्या घराच्या पायरीचा आहे तोच. फक्त आपला म्हातारा झालाय." उभं आयुष्य मी त्या पायरीवर बूट काढले, पण ती कधीकाळी वाहत होती हे पहिल्यांदा त्या रस्त्यावर अंगावर आलं. मी पुस्तकात ते वाचलं होतं. पुस्तकात बरंच काही वाचलेलं असतं.

नारळाचा उलगडा मग गाडीत झाला. आईच्या पिशवीत हिरव्या काठाचा एक खण होता, झिप लावायच्या पिशवीत तांदूळ होते, सुपारी होती आणि हळदी-कुंकवाची जोडडबी होती. ती ज्वालामुखीची ओटी भरणार होती.

मी तिला आठवण करून दिली की 'ज्वालामुखी हा देवीचा कोप नसून' अशी सुरुवात असलेली व्याख्या तिने चौतीस वर्षं मुलांना पाठ करायला लावली होती. मला स्वतःला ती अजून पाठ आहे, मी तिच्याच वर्गात होतो. आई म्हणाली, "कोप नाहीच. पण इथली माणसं हे त्यांच्या देवीचं घर मानतात. कुणाच्या घरी पहिल्यांदा जाताना रिकाम्या हाताने जातात का?"

मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "आजी, इट्स अ नॅशनल पार्क. यू कान्ट लीव्ह स्टफ देअर."

"ठेवणार कोण आहे?" आई म्हणाली. "भरणार आहे."

यावर मी आणखी वाद घातला असता, पण घातला नाही. बाबा गेल्यानंतर आईने ओट्या भरणं थांबवलं नव्हतं. लोकांनी तिला बोलावणं थांबवलं होतं. आपल्याला असल्या गोष्टींचं काही वाटत नाही, असं ती म्हणायची, आणि आम्ही सगळ्यांनी ते सोयीने खरं मानलं होतं. तो हिरवा खण तिने गावाहून आणला होता, म्हणजे सहा महिने तो बॅगेच्या तळाशी वाट बघत होता.

कठड्यापाशी पोहोचलो तर तिथे पाटी होती. इथे फुलं, अन्न, नाणी, कुठल्याही वस्तू ठेवू नयेत. आईने ती पाटी उत्तरपत्रिका तपासावी तशी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि पिशवीची चेन लावून टाकली. समोर प्रचंड विवर पसरलेलं होतं, एक अख्खा तालुका खचून खाली बसावा तेवढं. त्याच्या तळाशी दूर एका कडेला दोन भोकं होती आणि त्यांतून निळसर पांढरा धूर निघत होता. कालच्यासारखाच. परवासारखाच.

तेवढ्यात आईला पार्कची रेंजर दिसली. चाळिशीची बाई, याच बेटावरची, रुंद काठाची टोपी, खांद्यावर सरकारी पट्टी. ती एका मुलाला दुर्बीण लावून देत होती. आई माझ्या मुलीच्या कानाशी गेली. लग्न झालंय का विचार तिला, असं ती सांगत असल्याचं मला कळलं आणि पुढे काय होणार तेही कळलं. मुलगी म्हणाली की आपण फेडरल ऑफिसरला हे विचारणार नाही. मग आई स्वतःच गेली.

"मॅडम," तिने शाळेतल्या इंग्रजीत विचारलं, "आर यू मॅरिड?"

रेंजर दचकली नाही. कदाचित रोज याहून विचित्र प्रश्न येत असतील. "दोनदा," ती म्हणाली.

आईने क्षणभर विचार केला आणि मला मराठीत विचारलं, "म्हणजे सध्या आहे ना?"

सध्या होतं. यानंतर एका अमेरिकी सरकारी नोकराला ओटी म्हणजे काय हे समजावून सांगायची जबाबदारी माझ्यावर आली. मी सुरुवात केली की आमच्याकडे बाईच्या पदरात नारळ घालतात, आणि पदराला इंग्रजीत काय म्हणायचं या शोधात इतका खोल गेलो की बाजूचं जपानी जोडपं चार पावलं सरकलं. मुलीने मला थांबवलं आणि दोन वाक्यांत सांगून टाकलं: आजीला इथल्या देवीसाठी काहीतरी आणायचं होतं. इथे ठेवायला परवानगी नाही, तर तिला ते तुम्हाला द्यायचंय.

रेंजरने सगळं नीट ऐकून घेतलं. मग तिने समजावलं की नोकरीच्या नियमामुळे तिला भेट घेता येत नाही, आणि नारळ इथे ठेवलाही जाऊ शकत नाही, कारण त्याने उंदीर येतात आणि उंदीर पक्ष्यांची अंडी खातात. आईला हे पटलं. तिला कारण दिलं की पटतं. पण रेंजरने एवढं बोलून दोन्ही हात पुढे केले, ओंजळीसारखे. आईने त्यात खण ठेवला, त्यावर नारळ, तांदळाची पिशवी, सुपारी. रेंजरने ते सगळं थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. तिची आजीही इथे यायची, ती म्हणाली. काही आणायची नाही. यायची, आपण कोण, कुठून आलो ते सांगायची, आणि मग गप्प बसायची. हे सांगून तिने सगळं दोन्ही हातांनी परत आईला दिलं.

आई समाधानी झाली. तिच्या दृष्टीने ओटी भरली गेली होती आणि हात लागून परत आलेला नारळ हा प्रसाद होता. माझ्या दृष्टीने कायदा मोडला गेला नव्हता. एका नारळात दोन्ही साधलं गेल्याचं मी तरी पहिल्यांदाच बघत होतो.

मग रेंजरने सहज विचारलं की आता पुढे कुठे. मी घड्याळ बघून सांगितलं, अकरा चाळीसला गुहा. तिने एकदा विवराकडे बघितलं आणि घरातल्या कुणाच्या तब्येतीबद्दल बोलावं तशा हळू आवाजात सांगितलं की पहाटेपासून त्या उत्तरेच्या भोकातून लाव्हा थोडा थोडा बाहेर येतोय, थांबतोय, पुन्हा येतोय. इथून नीट दिसत नाही. कारंजं उडायच्या आधी असं होतं. तासाभरात उडेल, नाहीतर दोन दिवस काहीच होणार नाही. "मी तुमच्या जागी असते," ती म्हणाली, "तर आज कुठेच गेले नसते."

आईने बरोबर आणलेली घडीची खुर्ची उघडली आणि कठड्यापाशी बसली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. एक्सेलचं पान मी आणखी दहा मिनिटं फोनवर उघडं ठेवलं. अकरा चाळीस झाले, ते गेले. मग मी ते बंद केलं. मला ते कारंजं उडायला हवं होतं. आईसाठी हवं होतं हे तर खरंच, पण मला स्वतःलाही इतकं हवं होतं की दर मिनिटाला दुर्बिणीतून बघून माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आज नाही उडालं तर आई पाच तांबडे ज्वालामुखी बरोबर घेऊन परत जाणार होती, आणि पुढच्या खेपेची भाषा करता येणार नव्हती.

वाट बघताना हातांना काम हवं म्हणून आईने एक काटकी घेतली. कठड्याच्या कडेला मागच्या स्फोटातली काळी, हलकी खडी पडलेली होती. ती तिने चपलेने सारखी केली आणि त्यात छेद काढला. डोंगर, थर, नळी, मुख. माझ्या मुलीला दाखवायला काढला होता. पण आईचा आवाज आठवीच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आहे, आणि ती इंग्रजीत शिकवायला लागली की तो आणखी वर जातो. हळूहळू माणसं जमली. 'हिअर मॅग्मा इज वेटिंग,' आई काटकीने दाखवत म्हणाली, आणि लाल टोपीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी टोपी काढली. त्यांनी माझ्या मुलीला हळूच विचारलं की या बाई कुठल्या संस्थेत असतात. मुलगी म्हणाली, "शी टॉट धिस फॉर थर्टी-फोर इयर्स." त्यात खोटं काही नव्हतं. त्यानंतर प्रश्न विचारणारे आधी हात वर करायला लागले.

आमच्या डाव्या हाताला दुसरा एक वर्ग भरला होता. पांढरे सैल कपडे घातलेला एक मार्गदर्शक पंधरा-वीस जणांना घेऊन आला होता. त्याच्या हातात शंख होता. तो शंख त्याने तीनदा फुंकला आणि पृथ्वीच्या श्वासात आपला श्वास मिसळा, असं सगळ्यांना सांगितलं. हॉटेलच्या लिफ्टमधलं वाक्य कुणी लिहिलं असेल याची मला साधारण कल्पना आली. आईने शंखाच्या आवाजाकडे वर्गाबाहेरच्या गोंगाटाकडे बघावं तसं एकदा बघितलं आणि पुढे शिकवत राहिली. थोड्या वेळाने त्या मार्गदर्शकाने सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. आतला अग्नी बघायचा होता.

ते डोळे मिटून बसलेले असताना कारंजं उडालं.

आधी ती रेंजर चालायची थांबलेली मला दिसली. मग त्या भोकाच्या तोंडाशी काहीतरी चकाकलं, ओलं असल्यासारखं. ते फुगलं, कडेवरून सांडलं, आणि मग वर आलं. डबक्यातून बोटभर उसळावं तसं आधी, मग घराएवढं, मग मी मोजायचं सोडून दिलं. आवाज मागाहून आला. विमानतळाच्या कुंपणाशी उभं राहिल्यावर येतो तसा, पण न संपणारा. हातातला लोखंडी कठडा थरथरायला लागला. इतक्या लांबून चेहऱ्याला ऊब लागली, तव्यावर वाकल्यासारखी. मी ओरडलो. काय आणि कुठल्या भाषेत ते आठवत नाही, मुलगी म्हणते नुसतंच ओरडलो. तिने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे चार बोटं उमटलेली होती. लाल टोपीचे गृहस्थ पूर्ण अनोळखी बाईला मिठी मारत होते. डोळे मिटून बसलेल्यांपैकी एकेकाने एकेक डोळा उघडला. मार्गदर्शकाने सगळ्यात शेवटी उघडले.

पन्नाशी उलटल्यावर माणसाला फार गोष्टींचं आश्चर्य वाटत नाही, आणि ज्यांना सारखं वाटतं त्यांच्याबद्दल मला थोडी शंकाच असते. पण तो अख्खा डोंगर समोर उभा राहून स्वतःला आतून बाहेर काढत होता आणि मी तोंड उघडं ठेवून हसत होतो.

आई खुर्चीतून उठली होती. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. पिशवीतून लांबचा चष्मा काढला, तो लावून बघितला. मग दोन्ही काढून नुसत्या डोळ्यांनी बघितलं. मी तिच्याजवळ गेलो. उत्तरपत्रिका एकदा तपासून झाल्यावर खात्रीसाठी पुन्हा वरून खाली बघतात तशी तिची नजर कारंज्याच्या बुंध्यापासून टोकापर्यंत आणि टोकापासून खाली फिरत होती.

"पिवळट आहे रे," ती शेवटी म्हणाली. "मध्ये पिवळं. कडेला केशरी. तांबडं होतंय ते खाली पडताना."

मी म्हटलं, हो.

"निवायला लागलं की तांबडं," ती म्हणाली. हे तिचं वाक्य नव्हतं, आणि ते कुणाचं आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

पुढे दोन तास आम्ही तिथेच होतो. गुहा नाही, काळी वाळू नाही. अडीच ते तीन या रकान्यात आम्ही गाडीतून आणलेले पराठे कठड्यावर ठेवून खाल्ले, आणि वाऱ्याने आलेली काळी कचकच त्यांवर पडली तरी कुणी तक्रार केली नाही. रेंजर एकदा येऊन आईच्या शेजारी उभी राहिली. जाताना तिने काळ्या खडीतल्या आईच्या चित्राला वळसा घातला, त्यावर पाय दिला नाही.

मग आईने माझ्याकडे फोन मागितला नाही, स्वतःचा काढला. शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपमध्ये लोहाराच्या त्या मुलीचा नंबर होता. मी टाइप करून देतो म्हटलं, तर नको म्हणाली. एका बोटाने, प्रत्येक अक्षरानंतर थांबत, तिने पाऊण तास तो मेसेज लिहिला. मधूनमधून मान वर करून ती रंग पुन्हा बघून घेत होती. पाठवायच्या आधी तिने मला वाचायला दिला, शुद्धलेखनासाठी नव्हे, कारण त्यात चूक नव्हती. 'ज्वालामुखी आज प्रत्यक्ष पाहिला. लाव्ह्याचा रंग तू काढला होतास तोच आहे. तुला पाच वेळा काढायला लावले ते चूक होते. – बाई.'

मी फोन परत दिला आणि कारंज्याकडे बघत बसलो. आईने बटण दाबलं. गावाकडे तेव्हा नुकतं उजाडत होतं.

पार्किंगपर्यंत जाताना ती तीनदा मागे वळली. आवाज झाडांच्या मागूनही येत होता आणि तिकडचा धूर खालून केशरी दिसत होता. मुलीने नारळ हातात घेतला होता आणि तो सांता क्लाराला नेऊन फोडायचा की विमानातच चौकशी होईल यावर ती आजीशी इंग्रजीत आणि आजी तिच्याशी मराठीत बोलत होती. त्या लिफ्टमधल्या वाक्यात काही तथ्य असावं असं मला त्या क्षणी वाटलं होतं, हे मी कबूल करतो. पृथ्वीच्या पोटातला अग्नी बघायला आम्ही समुद्र ओलांडून आलो होतो, आणि आम्हाला तो दिसला होता.

गाडीत बसून पट्टा लावताना आईचा फोन वाजला. उत्तर आलं होतं. तिने ते मोठ्याने वाचलं.

'हो बाई. आमच्या भट्टीत रोज तोच रंग असतो. कधीही या बघायला. फक्त सोमवारी बंद.'

भट्टी आईच्या घरापासून चालत बारा मिनिटांवर आहे.